पडघान सर आणि एकोणीस शून्यं

मी एकोणीस विद्यार्थ्यांना शून्य गुण दिले होते, आणि ते एकोणीसही जण बरोबर होते. हे आधीच सांगून टाकतो. पडघान सरांविषयी लिहायला बसलो की पहिली दोन पानं त्यांच्या गमती सांगण्यात जातात, वाचणारा हसतो, आणि माझी चूक मागच्या मागे झाकली जाते. याआधी दोनदा असं झालं. दोन्ही वेळा कागद फाडले. म्हणून या खेपेला चूक आधी, गमती नंतर.

गमतींना तोटा नाही. किसनराव पडघान हे आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाचे डेमॉन्स्ट्रेटर. तुम्हाला ते पहिल्यांदा दिसले असते तर सायकलवर दिसले असते. हँडलच्या दोन बाजूंना दोन पिशव्या, आणि दोन्हींत अगदी सारखं वजन. किलो वांगी घेतली तर अर्धी या पिशवीत, अर्धी त्या पिशवीत. कोथिंबिरीची एक जुडी घेतली तरी सोडून तिचे दोन भाग करायचे. बाजारातल्या बायका त्यांना पाहिलं की आधीच दोन ढीग लावून ठेवत.

एकदा त्यांना एक लाल भोपळा पसंत पडला. आता एक भोपळा दोन पिशव्यांत कसा घालायचा? सरांनी अर्धा बाजार पालथा घालून तेवढाच दुसरा भोपळा शोधून काढला. मग एकट्या माणसाला दोन भोपळे कशाला, म्हणून त्यातला एक माझ्या दाराशी आणून ठेवला.

"सर, एकच घ्यायचा होता," मी म्हणालो.

"एका बाजूलेच वजन असलं का सायकल इचार करत बसते, कोणीकडं वळू म्हणून," ते म्हणाले. "दोन्हीकडं सारखं असलं का तिले इचारच करा लागत नाही."

त्या हिवाळ्यात मी भोपळ्याचे जितके प्रकार खाल्ले तितके पुण्यात आईच्या हातचेही खाल्ले नव्हते.

एस्टीत ते मागच्या लांब बाकाच्या बरोबर मध्यावर बसत. तिथे कोणी आधीच बसलेलं असलं तर उभे राहत, पण खिडकीशी बसत नसत. पंगतीत दोन्हीकडची पानं मोजून मधलं पान धरत. वाढप्याने डावीकडून लोणचं वाढलं आणि उजवीकडची चटणी राहिली, तर चटणी येईपर्यंत जेवायचे नाहीत. कॉलेजच्या संस्थेत अध्यक्ष आणि सचिव यांचं हाडवैर होतं. दोघंही प्राचार्यांना आपापल्या बाजूला ओढत. कोणीतरी विचारलं, "पडघान सर, यात आपल्या प्राचार्यांचं काय होणार हो?"

"काय होणार? दोघंबी सारख्याच जोरानं ओढून राह्यले. मधला हालत नाही. म्हणून तं साहेब इतके दिवस टिकले."

हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. ते इतिहासाचे. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि त्या वर्षी दोघांपैकी एकाचीही बाजू घेतली नाही.

मी पुण्याहून एम.एस्सी. होऊन इथे आलो तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि आमचं कॉलेज राज्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान. इमारतीला गिलावा व्हायचा होता. प्रयोगशाळेत होती ती उपकरणं पडघान सरांनी जीव लावून सांभाळली होती. ते चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे. घरची वांगी-मिरच्यांची बागायत, ती धाकटा भाऊ पाही. सर कॉलेजच्या गावात एका खोलीत एकटे राहत आणि रविवारी उंद्रीला जात. शिक्षण बी.एस्सी. त्यामुळे शिकवण्याचा अधिकार नाही. आठवडाभर त्यांनी मुलांच्या हाती उपकरणं द्यायची, काचेच्या कांड्या पुसायच्या, घासायला रेशमी फडकं सुकवून ठेवायचं, इतकंच काम.

फक्त शनिवारी अकराचा तास त्यांचा होता. गणितं सोडवून घेण्याचा. शिकवायला माणूस कमी होता म्हणून प्राचार्यांनी तो त्यांना दिला होता, आणि सर आठवडाभर त्या एका तासासाठी जगत. शनिवारी त्यांचा सदरा इस्त्रीचा असे. एरवी कधी नसे.

त्या तासाला एक आवाज ठरलेला होता. तो व्हरांड्यातून माझ्या वर्गापर्यंत येई. "चित्राले इचार बे! आकड्याले काऊन इचारतं? आकडा लेकाचा खोटं बोलते, चित्र नाही बोलत!"

त्याचं असं, की विजेच्या प्रकरणात मुलांना एक गणित नेहमी छळतं. चार-पाच ठिकाणी विद्युतभार ठेवलेले असतात. आम्ही सगळे त्याला चार्जच म्हणत असू. सारखे चार्ज एकमेकांना दूर लोटतात. मग अमक्या चार्जवर बाकीच्यांचं मिळून किती बल पडतं, कोणत्या दिशेने, ते काढायचं. पुस्तकातली रीत अशी, की प्रत्येक बलाचे उभे-आडवे भाग पाडा, कोष्टकं उघडा, बेरजा-वजाबाक्या करा. पडघान सरांची रीत वेगळी. आकृती काढायची आणि पेन खाली ठेवून तिच्याकडे बघत बसायचं. समोरासमोर सारखे दोन असले की दोघांना खोडायचं. "काटाकाटी आधी. उरलं तं हिशोब. नाही उरलं तं घरी जा."

मुलांना ते मैदानात नेत. मोटेच्या दोराचे तुकडे घेऊन चार मुलं चार कोपऱ्यांत उभी करायची, मध्ये एकाला कमरेला बांधायचं. पण त्याआधी चौघांची ताकद तपासली जाई. प्रयोगशाळेतलं शिशाचं वजन प्रत्येकाने एका हाताने किती वेळ धरलं ते सर घड्याळात बघत. सारखे चार मिळेपर्यंत खेळ सुरू व्हायचा नाही. "चार्ज सारखे पाहिजे बे! तू दूध जास्त पिऊन आला, तू बाजूले हो." मधला मुलगा जागचा हलला नाही की सर टाळी वाजवत. मग एका कोपऱ्यातल्या मुलाला दोर सोडायला सांगत, आणि मधला धाडकन समोरच्याच्या अंगावर जाई. "पाह्यलं? एक आकडा तरी लिहा लागला का तुले?"

हे सगळं मी व्हरांड्यातून पाही. मला हसू येई. ते हसू चांगलं नव्हतं. पुण्याच्या कानांना ती बोली गावंढळ वाटे, आणि गावंढळ बोलणाऱ्याला विज्ञान कितीसं कळणार असं मी मनात ठरवून टाकलं होतं. शिवाय माझा वर्ग पेंगत असताना त्यांच्या वर्गातून हसण्याचे आवाज येत. खरं कारण तेच. आज लिहितानाही हे वाक्य खोडावंसं वाटतंय.

त्या वर्षीच्या पूर्वपरीक्षेचा पेपर मी काढला. वीस गुणांचा एक प्रश्न होता. एका सुसम पंचकोनाच्या चार कोपऱ्यांवर प्रत्येकी दहा एकक चार्ज आहे, वरचा पाचवा कोपरा रिकामा आहे. मध्यावर तसाच दहा एककांचा चार्ज. मध्यापासून प्रत्येक कोपरा दहा सेंटिमीटरवर. तर मधल्या चार्जवर किती बल, आणि कोणत्या दिशेने?

उत्तर मी आधीच काढून ठेवलं होतं. चार पानं, सुबक अक्षर, कोष्टकातून घेतलेले आकडे. दोन पूर्णांक चोवीस शतांश डाइन; बल तेव्हा डाइनमध्ये मोजत. रिकाम्या कोपऱ्याच्या दिशेने.

पेपर तपासायला घेतले तर एकोणीस जणांनी चार ओळींत प्रश्न संपवलेला. "पाचही कोपरे भरलेले असते तर मधल्यावर बल शून्य. एक नाही. म्हणून उरलेल्या चौघांचं बल त्या एकट्याएवढं, उलट्या दिशेने. एकट्याचं बल एक डाइन, म्हणून उत्तरही एक डाइन, रिकाम्या कोपऱ्याकडे." ना कोष्टक, ना बेरीज. उत्तरही माझ्याशी जुळत नव्हतं. मी एकोणीस वेळा शून्य काढलं. शून्य गोल आणि मोठं काढलं.

पेपर परत देताना फळ्यावर माझं उत्तर लिहून दाखवलं आणि म्हणालो, "अंदाजाने विज्ञान होत नसतं." मग प्राचार्यांना एक चिठ्ठी लिहिली. तिचे शब्द मला पाठ आहेत. "श्री. पडघान विद्यार्थ्यांना आकडेमोड टाळायला शिकवतात. त्यांचा शनिवारचा तास विद्यार्थ्यांच्या हिताचा नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. माझे नाव कृपया गुप्त ठेवावे."

प्रामाणिक मत, आणि नाव गुप्त.

दोन दिवसांत सूचनाफलकावर कागद लागला. शनिवारचा तास बंद. पडघान सरांनी तो चष्मा पुसून वाचला, मान हलवली आणि कांड्या पुसायला गेले. शनिवारी अकराच्या ठोक्याला मात्र ते रिकाम्या वर्गात दिसले. इस्त्रीचा सदरा घालून फळा पुसत होते. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"सर, आज तास नाही ना?" मी दारातून विचारलं.

"हाव, माहीत हाय," ते म्हणाले. "पण शनिवारी अकरा वाजता माणूस दुसरीकडं कोठी जाईन?"

मी तिथून निघालो. त्या आठवड्यात शकुंतला वानखडे नावाची मुलगी थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरली. वर्गात दोनच मुली होत्या, आणि ही कधी फारशी बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. शिपायाने मला नंतर ऐकवलं. "सर, आमचं चूक असन तं शून्य द्या. पण चूक कोठी हाय थे कोणी सांगतलं नाही. आम्ही एकोणीस जण एकदम कसे चुकलो?"

प्राचार्यांनी इतिहासकाराला शोभेल असा निर्णय दिला. "दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले जातील. पुढच्या बुधवारी, प्रयोगशाळेत. सगळ्यांसमक्ष."

आदल्या रविवारी दुपारी मी माझी चार पानं पुन्हा काढली. जिंकायची तयारी म्हणून. तिसऱ्या पानावर हात थांबला. खालचे दोन चार्ज मधल्याला वर लोटतात, त्यांचा वाटा एक पूर्णांक सहाशे अठरा. बाजूच्या वरच्या दोघांचा वाटा शून्य पूर्णांक सहाशे अठरा. पण ते दोघं मध्याच्या वर आहेत. ते खाली लोटणार. तिथे वजा हवं होतं. मी अधिक केलं होतं. वजा केलं तर उरतो एक. बरोबर एक डाइन.

म्हणजे मला रविवारीच कळलं होतं. माझ्या हातात तीन दिवस होते. मी प्राचार्यांकडे गेलो नाही, पडघान सरांकडेही गेलो नाही. मी विचार केला तो असा: हा मनुष्य कोष्टकं उघडत नाही, याला सिद्ध करता येणार नाही.

बुधवारी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. कला शाखेची मुलंसुद्धा खिडक्यांना लोंबकळत होती. प्राचार्य मधल्या खुर्चीवर. मी एका बाजूला, हातात ती चार पानं. पडघान सर आले ते डोक्यावर वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली पितळी परात घेऊन. परातीत पाच वांगी आणि एक लिंबू.

"पडघान, हे काय?" प्राचार्य म्हणाले.

"पुरावा, साहेब. उंद्रीहून आणला."

त्यांनी परात टेबलावर ठेवली. काठाला धरून सारख्या अंतरावर पाच वांगी मांडली, देठ बाहेर. पाचही एकाच मापाची. अख्ख्या मळ्यातून निवडून आणली असावीत. मधोमध लिंबू.

"हे पाच चार्ज. हे लिंबू मधला चार्ज. पाचही जण लिंबाले ढकलून राह्यले. लिंबू सरकन का नाही सरकन, एवढंच पाहाचं हाय. साहेब, तोंड तिकडं करा."

प्राचार्यांनी चुळबुळ करत पाठ फिरवली. सरांनी परातीला हात लावला, काही केलं की नाही ते आम्ही पाहत होतो, आणि म्हणाले, "पाहा आता. मी परात फिरवली का नाही?"

प्राचार्य वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "फिरवली."

"नाही फिरवली," अख्खा वर्ग ओरडला.

"पुन्हा तोंड फिरवा साहेब."

या खेपेला त्यांनी परात एक कोपराभर सरकवली. या वांग्याच्या जागी ते वांगं आलं. प्राचार्यांनी बराच वेळ घेतला. "नाही फिरवली," ते ठामपणे म्हणाले.

"फिरवली!" छप्पर उडेल असा आवाज.

प्राचार्यांचा चेहरा लाल झाला. "असं नाही चालणार. एका वांग्याला खडूची खूण करा, म्हणजे मी सांगतो."

"खूण केली तं पाचही सारखे कोठी राह्यले साहेब? मंग थे गणितच दुसरं झालं." सर थांबले. "साहेब, तुम्ही एवढे शिकलेले. डोळे हायेत, चष्मा हाय. तुम्हाले परात फिरवली का नाही सांगता येत नाही. मंग त्या लिंबाले कसं समजन, कोणीकडं जायाचं थे? समजा थे या वांग्याकडं गेलं. काऊन याच्याचकडं? बाकीच्याईनं काय घोडं मारलं?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण मुद्दा कळला होता. प्राचार्यांनाही कळला. ते हळूच म्हणाले, "म्हणजे... जाणारच नाही."

"हाव! पाचही असले तं बल शून्य. एक आकडा लिहा नाही लागला." सरांनी वरचं एक वांगं उचललं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. "आता एक उठून गेला. चार उरले. हे एकटं होतं तवा लिंबाले एक डाइननं खाली लोटत होतं. तरीबी लिंबू हालत नव्हतं. काऊन?"

"चौघं थोपवून धरत होते!" ही शकुंतला.

"किती जोरानं?"

"एक डाइन!" एकोणीस आवाज.

"कोणीकडं?"

"वर! रिकाम्या कोपऱ्याकडं!"

"झालं," सर म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं. "मंग याले चार पानं काऊन लागतात बे?"

जो गलका झाला तसा मी नंतर कुठल्या सभेत, कुठल्या निवडणुकीत ऐकला नाही. मुलांनी बाकं बडवली. खिडकीतली कला शाखेची मुलं, ज्यांना डाइन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तीही "एक डाइन, एक डाइन" ओरडत होती. प्राचार्य हात वर करून उभे राहिले. शांत झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"लिमये, मग तुमचं दोन पूर्णांक चोवीस कुठून आलं?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी हातातलं तिसरं पान बाकीच्या पानांखाली सरकवलं.

"थे सरायचं मुद्दाम होतं, साहेब," पडघान सर म्हणाले.

"मुद्दाम?" प्राचार्यांनी विचारलं.

"लिमये सरायनं मुद्दाम फळ्यावर चुकीचं उत्तर लिहिलं. पोट्टे आपल्या उत्तराले धरून राह्यतात का सर म्हणतात म्हणून सोडून देतात, थे पाहाले. नाही का हो, लिमयेसाहेब?"

मी मान हलवली. होकारार्थी.

"वा!" प्राचार्य म्हणाले. "फारच कल्पक! विद्यार्थ्यांच्या निष्ठेची परीक्षा!" त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मुलं माझ्यासाठीही टाळ्या वाजवत होती. शकुंतला वानखडे तेवढी वाजवत नव्हती. ती माझ्या हातातल्या पानांकडे पाहत होती.

एकोणीस जणांना वीसपैकी वीस गुण मिळाले. शनिवारचा तास परत सुरू झाला, तोही मोठ्या दालनात. त्या दिवशी मुलांनी सरांना खांद्यावर उचलून फाटकापर्यंत नेलं, आणि सर वरून ओरडत होते, "दोन्हीकडून सारखं धरा बे! एकीकडं झुकून राह्यलो मी!" गावात कित्येक दिवस भाजी घेताना लोक विचारत, "सर, हे वांगं खायाचं का पुराव्याचं?"

पुढची कितीतरी वर्षं आम्ही एकाच प्रयोगशाळेत काम केलं. मी विभागप्रमुख झालो. त्या बुधवारविषयी ते एक शब्द बोलले नाहीत. चिठ्ठीविषयी त्यांना माहीत नसावं, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. ते मला भाजी आणून देत, माझ्या मुलीला दोन्ही हातांत सारखे पेढे देत, आणि मी दर वेळी तोंड उघडून मिटून घेई. त्यांचं सेवानिवृत्तीचं वर्ष आलं. त्या हिवाळ्यात त्यांनी मला उंद्रीला हुरडा खायला बोलावलं.

शेतात आगटी पेटलेली. त्यांचा भाऊ कणसं भाजून चोळून देत होता आणि मध्येच विहिरीकडे गेला. आम्ही दोघंच उरलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "सर, तुम्ही एम.एस्सी. का नाही केलं?"

"केलं न. दोन महिने," ते हसून म्हणाले. "नागपूरले गेलो होतो. एक दिवस मास्तरनं फळ्यावर बोलावलं. गणित दिलं. मी आकृती काढली, दोन ओळी लिहिल्या, उत्तर सांगतलं. माह्या बोलीत सांगतलं. मास्तर म्हणे, हे काय बाजारातला सौदा हाय का. वर्ग हसला. चाळीस जण."

"पण उत्तर?"

"उत्तर बरोबर होतं. थे मास्तरले दुसऱ्या दिवशी समजलं म्हणे. पण मी दुसऱ्या दिवशी कोठी होतो? गाडीत होतो." त्यांनी हुरड्यातलं कूस फुंकलं. "घरी सांगतलं, शेतीले माणूस कमी हाय. अजून तेच सांगतो. माणूस बरोबर असो का चूक, लिमयेसाहेब, भरल्या वर्गासमोर त्याचं हसू नाही होऊ द्यायचं. थो उठून जाते. मंग वापस येत नाही. तुम्ही तवा किती, पंचवीसचे होते न?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. "सर," मी म्हणालो, "ती चिठ्ठी..."

"कोणती चिठ्ठी? हुरडा थंडा होऊन राह्यला. खा."

त्यांच्या आवाजात जराही आश्चर्य नव्हतं. म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं. त्या बुधवारी परात डोक्यावर घेऊन आले तेव्हाही ठाऊक होतं.

परतीच्या एस्टीत मी ठरवलं. शेतात, दोघांमध्ये मागितलेली माफी त्यांनी हुरड्याबरोबर खाऊन टाकली असती. ती तिथेच मागायला हवी होती जिथे मी मान हलवली होती. भरल्या वर्गासमोर.

मार्चमध्ये त्यांचा शेवटचा शनिवार आला. दालन गच्च भरलं होतं. जुने विद्यार्थीही आले होते. शकुंतला वानखडे आली होती. ती आता शेगावला शाळेत विज्ञान शिकवते. सर इस्त्रीच्या सदऱ्यात. मी उठलो आणि पाच मिनिटं मागून घेतली. खडू घेतला, पंचकोन काढला, आणि माझं जुनं गणित फळ्यावर उतरवलं. सगळं, त्या अधिकच्या चिन्हासकट. खाली लिहिलं, दोन पूर्णांक चोवीस.

"यात चूक कुठे आहे?" मी वर्गाला विचारलं.

एक मिनिटही लागलं नाही. तिसऱ्या बाकावरचा एक जण उभा राहिला. "सर, वरचे दोघं तं खाली ढकलतात. तिथं वजा पाहिजे. हे कोणी केलं?"

"मी," मी म्हणालो. "मुद्दाम नाही. खरंच चुकलो होतो."

वर्ग हसला. मोठ्याने, मोकळेपणाने, मागच्या भिंतीपर्यंत. मी खडू हातात धरून उभा राहिलो. कान तापले, पण पाय जागेवर राहिले. पडघान सर खुर्चीतून अर्धवट उठले आणि हात वर करून मुलांना गप्प करू लागले. मी त्यांना बसायला सांगितलं. हसू ओसरेपर्यंत थांबलो. मग त्यांच्याकडे वळलो.

"सर, या गणितासाठी मी एकोणीस जणांना शून्य दिलं. तुमचा हा तास बंद करा म्हणून प्राचार्यांना चिठ्ठी मी लिहिली. माझं चुकलंय हे मला तीन दिवस आधी कळलं होतं, तरी मी गप्प बसलो. तुम्ही मला वाचवलंत, तेव्हा मी खोटी मान हलवली. मी तुमचा अपराधी आहे, पडघान सर. मला माफ करा."